खिडकी नसलेला प्रोग्राम

माझ्या नणंदेची हिंगोलीत रक्ततपासणीची लॅब आहे. औषधाच्या दुकानाच्या वर दोन खोल्या. पुढच्या खोलीत पेशंटसाठी बाकडी, मागच्या खोलीत फ्रीज, मायक्रोस्कोप, रक्तपेशी मोजायचं मशीन आणि एक कॉम्प्युटर. मी त्यांना ताई म्हणते. सेनगावच्या बाजूला आमचा तांडा आहे, तिथून शहरात राहून शिकलेली पहिली मुलगी त्याच. हे त्या कधी बोलून दाखवत नाहीत, पण जिना चढतानाच्या त्यांच्या पावलांत ते ऐकू येतं.

मी प्रोग्राम लिहिते. लग्नानंतर काही वर्षं पुण्यात एका कंपनीत होते. नंतर कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली आणि नवऱ्याची बदली हिंगोलीला झाली, तेव्हा आम्ही इकडे आलो. मला मोकळा वेळ मिळाला की मी लॅबमध्ये जाऊन बसायची. घरात आम्ही गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली, बोलतो, पण लॅबच्या पायरीवर पाय पडला की ताई मराठी सुरू करतात. तिथं त्या नणंद नसतात, मॅडम असतात.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता तापाची साथ आली. डेंग्यूच्या भीतीनं जो तो पेशी मोजायला यायचा. बाकडी भरायची, जिन्यातही माणसं उभी असायची. मशीन एका पेशंटचं काम मिनिटाभरात करायचं आणि एसटीच्या तिकिटासारखी कागदाची पट्टी बाहेर टाकायचं. त्यावर हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट असे वीसेक आकडे. खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं. ताई ती पट्टी डाव्या हातात धरून एकेक आकडा कॉम्प्युटरवर टाईप करायच्या, मग रिपोर्ट छापायच्या, मग तो सहीसाठी डॉक्टरांकडे जायचा.

एका शनिवारी मी तिथंच होते. ताईंनी एक रिपोर्ट छापला, हातात घेतला आणि एकदम थांबल्या. एका माणसाच्या प्लेटलेट दुसऱ्याच्या रिपोर्टवर पडल्या होत्या. आदल्या दिवशीचा त्या माणसाचा आकडा त्यांच्या लक्षात होता, म्हणून सापडलं. त्यांनी तो कागद फाडला, नवीन छापला, आणि खुर्चीत बसल्या. ताईंना कामाच्या वेळी नुसतं बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"आज सापडलं," त्या म्हणाल्या. "रोज सापडंलच असं न्हाई."

मशीनच्या मागच्या बाजूला केबल लावायची जागा मला आधीच दिसली होती. मी म्हटलं, "ताई, हे मशीन आकडे सरळ कॉम्प्युटरला देऊ शकतं. टाईप करायची गरजच नाही."

"मशीनवाल्यांचा माणूस बी हेच म्हणला होता. टाकून बी दिलं होतं त्यानं सॉफ्टवेअर. चार दिवस चाललं."

"मग काय झालं?"

"ते उघडं ठेवावं लागतं. लाइट गेली, कॉम्प्युटर बंद पडला, परत चालू केला, तर ते परत कुणीतरी उघडायचं. नाहीतर चुकून त्याची खिडकी बंद झाली की आकडे गेले हवेत. इथं गर्दीत कुणाच्या ध्यानात राहतंय ते?"

अडचण अगदी खरी होती. मला ती ऐकूनच उत्तर सुचलं. "मी उघडायची गरजच नसलेला प्रोग्राम करते."

"म्हंजे?"

"तुम्ही छापायला देता तेव्हा प्रिंटर चालवणारा प्रोग्राम कधी उघडता का? कॉम्प्युटर चालू झाला की तो आपोआप मागे चालू असतो. त्याला खिडकी नसते. त्याला सर्व्हिस म्हणतात. आपण तशीच एक लिहू. ती फक्त मशीनकडे कान लावून बसेल."

ताईंनी मान हलवली, पण त्यांची नजर जिन्यातल्या माणसांकडे होती. "कर. पण पेशंटच्या टायमात माझ्या कॉम्प्युटरला हात लावायचा न्हाई."

खरं सांगायचं तर मी तोवर अशी सर्व्हिस कधी लिहिली नव्हती. पुण्यात माझं काम वेगळ्या प्रकारचं होतं. पण त्याची धास्ती वाटली नाही. या धंद्यात एखादी गोष्ट येत नाही याचा अर्थ ती अजून वाचलेली नाही, एवढाच असतो. मी मशीनचं पुस्तक घरी नेलं आणि वाचलं. मशीन आकडे कोणत्या क्रमानं पाठवतं, निकालाच्या सुरुवातीला कोणती खूण असते, शेवटी कोणती, हे सगळं त्यात मागच्या पानांवर दिलेलं होतं. ती पानं त्या लॅबमध्ये कुणी उघडली नसावीत, कारण ती एकमेकांना चिकटलेली होती.

रविवारी दुपारी लॅब बंद झाल्यावर आम्ही दोघी तिथं गेलो. मी केबल जोडली. आधी सर्व्हिस नाही, साधाच प्रोग्राम लिहून नेला होता, काळी खिडकी असलेला, म्हणजे मशीन काय बोलतं ते डोळ्यांनी दिसावं.

"नमुना कुणाचा टाकायचा?" ताईंनी विचारलं.

"माझाच घ्या."

त्यांनी माझं रक्त काढलं, नळी हलवली, मशीनला लावली. मिनिटभरानं काळ्या खिडकीत अक्षरं धावली आणि थांबली. आकडे आले होते. मी टाळी वाजवली. ताई पडद्यावर वाकल्या, त्यांनी ओळीवर बोट ठेवलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे काय हिमोग्लोबिन हाय का? नऊ?"

"ताई, आकडे आले बघा ना आपोआप!"

"आले ते दिसून राहिलं मला. पण नऊ काहून आलं? जेवतीस का न्हाई तू? दिवसभर त्या लॅपटॉपपुढं बसून राहतीस आन् चहावर दिवस काढतीस."

प्रोग्रामचं कौतुक राहिलं बाजूला. त्यांनी खाली जाऊन दुकानातून लोहाच्या गोळ्या आणल्या, माझ्या पर्समध्ये टाकल्या आणि मगच म्हणाल्या, "आता सांग, पुढं काय."

पुढं त्या साध्या प्रोग्रामची सर्व्हिस करायची होती. ते मी घरी केलं, आणि पहिल्यांदा चालू करायला गेले तर ती चालूच होईना. विंडोज थोडा वेळ थांबायची आणि मग सांगायची की सर्व्हिसनं वेळेत उत्तर दिलं नाही. अर्धा दिवस वाचल्यावर कळलं. विंडोज सर्व्हिसला हाक मारते, 'सुरू हो', आणि 'झाले' या उत्तराची वाट बघते. माझी सर्व्हिस हाक ऐकल्याबरोबर मशीनकडे कान लावून बसत होती आणि उत्तर द्यायला परतच येत नव्हती. विंडोजच्या दृष्टीनं ती बेपत्ता. आपल्याकडे घरातल्या माणसाची रीत असते, हाक आली की आधी 'ओ' द्यायची, मग कामाला लागायचं. मी तसंच केलं. सुरुवातीच्या भागात फक्त 'ओ' ठेवलं आणि ऐकायचं काम प्रोग्रामच्या दुसऱ्या, बाजूनं चालणाऱ्या धाग्यावर सोडलं. सर्व्हिस चालू झाली.

पुढच्या रविवारी ती लॅबच्या कॉम्प्युटरवर बसवली. ताई पाठीमागे उभ्या होत्या.

"झालं?"

"झालं."

"कुठंय?"

"दिसत नाही. दिसणारच नाही."

"मग ती चालून राहिली हे मला कसं कळावं?"

मी सर्व्हिसांची ती लांबलचक यादी उघडली आणि आमच्या सर्व्हिसपुढे 'चालू' असं लिहिलेलं दाखवलं. ताईंचं समाधान झालं नाही. "माझ्या हाताखालची पोरगी काम करून राहिली का न्हाई हे मी मान वळवून बघते. ह्याच्यासाठी मी रोज ही यादी उघडत बसू व्हय?"

मी म्हटलं आधी आकडे येतात का ते तर बघू. त्यांनी स्वतःचा नमुना लावला. मशीननं पट्टी बाहेर टाकली. आम्ही डॉक्युमेंट्सचं फोल्डर उघडलं, जिथं रिपोर्टची फाइल यायला हवी होती. फोल्डर रिकामं. पुन्हा नमुना लावला. पुन्हा रिकामं. ताईंनी दोन्ही पट्ट्या माझ्यापुढे टेबलावर ठेवल्या.

घरी साध्या प्रोग्रामला खोटे आकडे देऊन पाहिलं तेव्हा तर फाइल येत होती, मग इथं कुठं गेली? मी सगळ्या कॉम्प्युटरमध्ये शोध लावला. फाइली सापडल्या, दोन्ही, पण विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात खोलवर. तेव्हा मला हसू आलं, कारण चूक सरळ होती. सर्व्हिस ताईंच्या नावानं चालत नाही. कॉम्प्युटरचं स्वतःचं एक खातं असतं, ती त्याच्या नावानं चालते. मी तिला सांगितलं होतं, 'आपल्या डॉक्युमेंट्समध्ये ठेव', आणि तिनं इमानदारीनं आपल्याच घरात नेऊन ठेवल्या होत्या. घरी मी साधा प्रोग्राम चालवत होते तेव्हा 'आपलं' म्हणजे माझं होतं. मी डी ड्राइव्हवर एक फोल्डर केलं आणि त्याचा पूर्ण पत्ता सर्व्हिसमध्ये लिहिला. तिसऱ्या नमुन्याची फाइल तिथं हजर झाली.

ताईंच्या प्रश्नाचं कोडं मात्र मला घरी जाऊनही सुटेना. चालू आहे हे कसं कळावं? सर्व्हिस स्वतः पडद्यावर काही दाखवू शकत नाही. समजा तिनं एखादी सूचना दाखवलीच, तर ती अशा जागी उघडते जिथं कुणाची नजर पोचत नाही, आणि मग ती बिचारी कुणीतरी ओके दाबेल म्हणून वाट बघत राहते. म्हणून मी दुसरा एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याचं काम एवढंच, की सर्व्हिसला अधूनमधून विचारायचं, 'बरी आहेस ना?', आणि घड्याळाशेजारी एक ठिपका दाखवायचा. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे बघा. ताईंनी तो ठिपका पाहिला, केबल उपसली, तो लाल झाला, केबल लावली, हिरवा झाला.

"हां," त्या म्हणाल्या. "आता बराबर हाय. पण पंधरा दिवस मी हातानं बी टाईप करणार. रिपोर्ट माझाच जाईल. तुझ्या आकड्यांशी जुळवून बघणार."

मला ते जास्तीचं वाटलं. पण लॅब त्यांची होती, आणि रिपोर्टखाली नाव त्यांच्या लॅबचं होतं.

पहिला आठवडा सगळं जुळलं. मी थोडी हवेत होते. मग बाजाराच्या दिवशी दुपारी ताईंचा फोन आला. "लॅबला ये." एवढंच.

मी पोचले तेव्हा त्यांच्या एका हातात मशीनची पट्टी होती आणि पडद्यावर माझी फाइल उघडी होती. पट्टीवर प्लेटलेट एकशे पंच्याऐंशी. माझ्या फाइलमध्ये अठरा. मशीन हे आकडे हजारांत देतं. म्हणजे पावणेदोन लाखांच्या वर पेशी असलेल्या बाईला माझ्या प्रोग्रामनं अठरा हजारांवर आणलं होतं.

पुढच्या खोलीत त्या बाईचे सासरे बसलेले होते. हळदीचे व्यापारी, पांढरी दाढी, मांडीवर टोपी. दारातून त्यांनी विचारलं, "मॅडम, कितनी आयी बेटी की पेशी?"

"अच्छी है चाचा. एक लाख पचासी हजार. घबराना नहीं," ताई म्हणाल्या. आणि माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "हा अठरा बाहेर गेला असता तर ह्या माणसानं सुनंला आत्ता गाडीत घालून नांदेडला नेलं असतं. मोठ्या दवाखान्यात. रडत रडत नेलं असतं."

मी पट्टी हातात घेऊन आकडा पुन्हा वाचला. 

"बंद कर हे."

मी सर्व्हिस थांबवली. ठिपका लाल झाला. ताई पुन्हा पट्टी घेऊन टाईप करायला बसल्या.

घरी चालत येताना मला वाईट वाटत होतं, पण खचल्यासारखं वाटत नव्हतं. उलट डोकं जोरात चाललं होतं. अठरा आणि पाच. आकडा चुकीचा नव्हता, तुटलेला होता. पाच कुठंतरी मागे राहिला होता. घर येईपर्यंत मला कारण उमगलं. केबलमधून मजकूर येतो तो नळाच्या धारेसारखा सलग नाही, थेंबाथेंबानं येतो. कॉम्प्युटर मोकळा असला की एका घोटात सगळा निकाल हाती लागतो. रविवारी तो मोकळाच असायचा. बाजाराच्या दिवशी ताई छापत होत्या, फाइली उघडत होत्या, कॉम्प्युटरची दमछाक चालली होती, आणि निकाल दोन तुकड्यांत आला. मी पहिल्या तुकड्यालाच पूर्ण निकाल समजले होते. शेवटची खूण येईपर्यंत थांबायला हवं होतं. पुस्तकात ती खूण दिलेली होती, निकाल धड पोचला का हे पडताळायचा हिशेबही दिलेला होता.

मी नवीन नियम केला. सुरुवातीची खूण दिसली की गोळा करायला लागायचं, शेवटची खूण दिसेपर्यंत काहीही लिहायचं नाही. मग पडताळणी करायची. जरा जरी फरक असला तर सगळा निकाल टाकून द्यायचा आणि ठिपका लाल करायचा. काहीच न मिळालेलं चालेल, अर्धा आकडा चालणार नाही.

तपासायला मशीन घरी नव्हतं, म्हणून मी मशीनचं सोंग घेणारा प्रोग्राम लिहिला आणि तो नवऱ्याच्या लॅपटॉपवर चालवला. दोन लॅपटॉपमध्ये केबल. तो प्रोग्राम मुद्दाम खोडसाळपणा करायचा, दोन अक्षरं पाठवून थांबायचा, मग पाच, मग एक. नवऱ्याला केबलजवळ बसवलं.

"मधेच ओढा."

"आता?"

"सांगू नका. मनात येईल तेव्हा ओढा."

"मग तू ओरडशील."

"नाही ओरडणार. ओढा."

त्यांनी ओढली. पुन्हा लावली, पुन्हा ओढली. पुढं पुढं त्यांना त्यात मजा यायला लागली, भाजी फोडणीला टाकून आले तरी जाता जाता एक झटका देऊन जायचे. सर्व्हिसनं एकही तुटका आकडा लिहिला नाही.

ताईंकडे गेले आणि काय झालं होतं ते सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, मधून एखादा प्रश्न विचारत होत्या. प्रश्न नेमके होते. पडताळणी म्हणजे काय, ती कोण करतं, ती चुकली तर काय. शेवटी म्हणाल्या, "आमी बी तेच करतो. नमुना गोठला असंल तर त्याचा आकडा कितीबी चांगला दिसला तरी धरत न्हाई. पेशंटला परत बोलावतो."

"मग बसवू परत?"

"बसव. पंधरा दिवस पुन्हा पहिल्यापासून."

या वेळी मला ते जास्तीचं वाटलं नाही.

त्या पंधरवड्यात दोनदा ठिपका लाल झाला. एकदा झाडताना केबल ढिली झाली होती. दुसऱ्यांदा मशीनमधला कागद संपला होता आणि मशीननं निकाल अर्धवट सोडला होता. दोन्ही वेळा सर्व्हिसनं आकडा लिहिला नाही. बाकी सगळं पट्टीशी जुळत राहिलं. बाजाराचे दिवसही आले आणि गेले.

मग एका सकाळी मी घरच्या कामाला बसले होते, मीटिंग चालू होती, आणि ताईंचा फोन वाजायला लागला. थांबेना. मी मीटिंगमधून उठले.

"काय झालं ताई?"

"मी काय केलं ऐक. सकाळी पेशंट कमी होते. मी कॉम्प्युटरचा प्लगच उपसला. चालू असताना."

"ताई!"

"ऐक तर. मग लावला, बटन दाबलं. पासवर्ड मागून राहिला होता, तो मी टाकलाच न्हाई. पडदा तसाच ठेवला आन् दोन नमुने लावले. मग चहा घेतला. मग पासवर्ड टाकला." इथं त्यांच्या आवाजात मला हसू ऐकू आलं. "दोन्ही फाइली येऊन बसलेल्या. मी आत बी गेले न्हवते, त्याच्या आधी!"

"सर्व्हिस तशीच असते ताई. कुणी आत येण्याची वाट ती बघत नाही."

"हां, तू सांगितलं होतंस. पण सांगणं येगळं आन् बघणं येगळं." मग म्हणाल्या, "मी आजपासून टाईप करणं बंद करून राहिले."

मी मीटिंगमध्ये परत गेले तेव्हा कुणीतरी विचारलं की सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, फार ठीक आहे.

टाईप करणं थांबलं तसा ताईंच्या दिवसाचा आकार बदलला. रिपोर्ट आता त्या उघडतात, नाव आणि नंबर पाहतात, पट्टीवर एक नजर टाकतात आणि पुढं पाठवतात. उरलेला वेळ मायक्रोस्कोपला जातो. त्यांना खरं आवडतं ते तेच, काचेवर रक्ताचा पातळ थर पसरायचा आणि पेशी डोळ्यांनी बघायच्या. मशीन मोजतं, पण पेशीचा आकार बिघडलाय का, हे कधी कधी माणसालाच दिसतं. एकदा त्यांनी मलाही वाकून बघायला लावलं. गुलाबी गोल चकत्या दिसल्या, मधे कुठं जांभळी पेशी. "ही बघ, ही पांढरी. बाहेरून रंग दिला म्हणून दिसून राहिली." मी बराच वेळ बघत राहिले. माझं काम आणि त्यांचं काम आतून किती सारखं आहे, असं काहीतरी मनात आलं होतं, पण तेवढ्यात त्यांनी मला बाजूला सारलं, पुढचा नमुना आला होता.

गेल्या महिन्यात कळमनुरीहून त्यांच्या एका मैत्रिणीचा फोन आला. दोघी एकाच वर्षी शिकल्या, तिचीही तिथं लॅब आहे. मी शेजारीच बसले होते. ताईंनी फोन माझ्याकडे दिला नाही, स्वतःच बोलत राहिल्या.

"न्हाई गं, उघडायचा न्हाई. दिसत बी न्हाई. कॉम्प्युटर चालू झाला की तो चालूच. आकडा फाटका आला तर घेतच न्हाई तो… व्हय, लाल ठिपका येतो. तकलीफ कायच न्हाई. फक्त सुरुवातीला पंधरा दिवस हातानं बी टाईप करायचं आन् जुळवायचं. ते सोडायचं न्हाई. का म्हंजे? मी सांगून राहिले म्हणून."

त्यांनी फोन हातानं झाकला. "तिचं मशीन येगळ्या कंपनीचं हाय म्हणती. होईल का?"

"मशीनचं पुस्तक आहे का त्यांच्याकडे, विचारा."

त्यांनी विचारलं. पुस्तक होतं.

"होईल," मी म्हटलं.

ताईंनी फोन पुन्हा कानाला लावला. "रविवारी येतो आमी दोघी. सकाळच्या जीपनं. आन् जेवायला भाकरी-पिठलं कर, हिला उपाशी ठेवू नको."